हरिकेनला कोण चावलं?

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास हेडमास्तरांचे दात हिरवे झाले.

हेडमास्तर स्वतः तेव्हा आपल्या घरी, तोंडावर रुमाल धरून वर्तमानपत्र वाचत असावेत. त्यांची वरची कवळी मात्र इथे होती. आतल्या खोलीतल्या कामाच्या टेबलावर, एका काडीच्या टोकाला मेणानं चिकटवलेली. तिला गेलेली बारीक चीर बाबांनी भरली होती आणि ती वाळत ठेवली होती. शेजारीच, त्याच ट्रेमध्ये, तशाच काड्यांवर, एका लढाऊ विमानाच्या चाकांची झाकणं, पंख्याचं टोपण आणि धुराडी उभी होती. जे जे बारीक ते ते काडीवर लावायचं, ही बाबांची चाळीस वर्षांची सवय. मुलीनं त्या सगळ्यांवर सारख्या अंतरावरून लष्करी हिरवा रंग फवारला. एका हातानं. दुसऱ्या हातात पुस्तक होतं.

"ट्रेमधलं सगळं ना?" तिनं आधी विचारलंही होतं.

"सगळं," बाबा भिंगातून डोळा न काढता म्हणाले होते.

ओरडली ती चहा घेऊन आलेली आई. "अगं बाई! दातांना शेवाळ आलं!"

"कुठल्या दातांना?" मुलीनं पान उलटलं.

"तुझ्या नाकासमोर बघ!"

मुलीनं पुस्तक खाली ठेवलं. चौदा हिरवेगार दात तिच्याकडे बघून हसत होते.

बाबा उठून आले. त्यांनी काडी उचलली, उजेडात फिरवली, भिंग लावून दोन्ही बाजूंनी पाहिली. "छान मारलायस," ते म्हणाले. "पहिल्यांदाच ना? कुठे ओघळ नाही. माझा पहिल्या पहिल्यांदा फार ओघळायचा."

"अहो, कौतुक काय करताय!" आई म्हणाली. "उद्या ते त्या दातांनी भाषण करणार आहेत! सैन्यात भरती झाल्यासारखे दिसतील!"

हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहात हस्तकलेच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन उघडणार होतं आणि उद्घाटन हेडमास्तर करणार होते. तीन पिढ्यांना त्यांनी शाळेत उभं केलं होतं, बसवलं होतं आणि बाकावरही उभं केलं होतं. निवृत्तीनंतर ते शिस्तीवर भाषणं देत, आणि प्रत्येक भाषणात न चुकता स्वतःचे दात दाखवत. "वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. एकही पडलेला नाही. का? शिस्त!" पोरं घरी जाऊन मुकाट्यानं दात घासत. ती शिस्त या आतल्या खोलीत, प्लास्टरच्या साच्यात तयार झाली होती हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाच्या तोंडात काय आहे ते बाबा कधी सांगत नसत. गिऱ्हाइकाच्या बायकोलासुद्धा नाही.

बाबा दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर माप घेत, बाबा कवळी करत, आणि नाव डॉक्टरांचं होई. त्याबद्दल बाबांची तक्रार नसे. त्यांची तक्रार असे ती फार सुंदर दातांबद्दल. "सगळे एका ओळीत, सगळे पांढरेशुभ्र! माणसाचे दात आहेत का पियानोच्या पट्ट्या?" हेडमास्तरांच्या कवळीत त्यांनी पुढचा एक दात केसभर तिरका बसवला होता आणि एकाला किंचित पिवळी झाक दिली होती. खोटं खरं वाटायला हवं तर थोडं चुकवावं लागतं, असं ते म्हणत.

काम कमी झालं तसं गेल्या वर्षी त्यांनी विमान करायला घेतलं. हरिकेन. दुसऱ्या महायुद्धातलं, एकट्या वैमानिकाचं. खऱ्याचा चोविसावा भाग. तयार संच आणून जोडणं त्यांना कमीपणाचं वाटलं, सगळं हातानं. पुढचं धड पत्र्याचं, आणि मागचं, खऱ्यात असतं तसंच, लाकडी फासळ्यांवर कापड ताणलेलं. टाळूचे साचे करायच्या यंत्रात पारदर्शक प्लास्टिक तापवून त्यांनी वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण काढलं. गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीतून आसनाचे पट्टे कापले. मसुराएवढ्या तबकड्यांवर काटे रंगवले, आणि तेही सगळे वेगवेगळ्या आकड्यांवर. शेपटीच्या सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारा धडाच्या आतून ओवल्या, एकेक फासळीतून, आणि मग त्यावर कापड ताणून सगळं बंद करून टाकलं.

"आता हे कोण बघणार?" मुलीनं तेव्हा विचारलं होतं.

"कुणी नाही."

"मग?"

"दाताची मागची बाजूही कुणी बघत नाही. जिभेला कळतं."

अकरा महिने झाले होते. उद्या ते विमान पहिल्यांदाच घराबाहेर पडणार होतं. बाबांनी आयुष्यात केलेली आणि त्यांचं नाव लावून चारचौघांत ठेवली जाणार अशी ही पहिलीच वस्तू. म्हणून तर मुलगी सासरहून मदतीला आली होती. मदत कशी झाली ते आपण पाहिलंच.

"थिनरनं निघेल ना?" तिनं विचारलं.

"रंग निघेल आणि कवळी तडकेल. घासूनच काढायला हवं." बाबांनी मोटार सुरू केली. मोटारीच्या दांड्यावर कापडी चाक गरगरू लागलं. ओली पांढरी पूड लावून ते एकेक दात चाकाला टेकवू लागले. दाढा पांढऱ्या झाल्या, टाळू गुलाबी झाला. आईनं निःश्वास सोडला तेवढ्यात फोन वाजला.

"हेडमास्तर आहेत," आई तोंडावर हात ठेवून कुजबुजली. "सहाऐवजी चारला येतायत. आरशासमोर सराव करायचाय म्हणतायत."

"येऊ दे," बाबा म्हणाले. पुढचे चार दात तेवढे राहिले होते.

आता त्या धंद्यातला एक नियम आहे. चाक फिरत असताना मान वर करायची नाही. घराला आग लागली तरी आधी मोटार बंद करायची, मग विझवायला जायचं. बाबांनी हा नियम हाताखालच्या कितीतरी जणांना शिकवला होता आणि स्वतः कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला, कारण मुलगी मागून म्हणाली, "सॉरी, बाबा."

तिनं हा शब्द त्या घरात यापूर्वी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाबांनी मान वर केली.

चाकानं कवळी ओढून घेतली, एक फेरा दिला आणि सोडून दिली. ती आईच्या कानाजवळून सणसणत गेली, कपाटाच्या दाराला थडकली आणि तिथून वळून खिडकीपाशी ठेवलेल्या हरिकेनच्या मागच्या धडात, डाव्या अंगानं, खचकन घुसली. पडली नाही. तिथेच राहिली, दात रोवून.

मोटार तेवढी फिरत होती.

"चावली की हो!" आई शेवटी म्हणाली. "विमानाला चावली!"

बाबांनी मोटार बंद केली. ते सावकाश विमानाशी गेले. मुलीनं डोळे मिटून घेतले. अकरा महिने, तिच्या मनात येत होतं, अकरा महिने, आणि मी पुस्तक वाचत होते. डोळे उघडले तेव्हा बाबा दोन्ही हातांनी कवळी हळूच सोडवून घेत होते, एखाद्या कुत्र्याच्या तोंडून चप्पल सोडवावी तशी.

"आधी हे बघू," ते म्हणाले. "मधोमध चीर गेलीय. आणि... एक, दोन, तीन..." त्यांनी पुन्हा मोजलं. "एक दात कमी आहे. तिरका."

तिघं जमिनीवर बसून दात शोधू लागली. कपाटाखाली, पायपुसण्याखाली, आईच्या अंबाड्यात. मग बाबांना काहीतरी सुचलं. त्यांनी विमान उचलून कानाशी धरलं आणि हलकेच हलवलं.

खुळखुळलं.

"आत आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी दातांच्या डॉक्टरांसारखा दांडीचा बारका आरसा काढला, लांब चिमटा काढला, कपाळाला दिवा बांधला. "धर गं घट्ट. हलू देऊ नकोस." मुलीनं विमानाचं नाक आणि पंख धरले. बाबांनी भोकातून आरसा आत सारला. तारांना धक्का न लावता, फासळ्यांच्या मधून, चिमटा इंच इंच पुढे सरकला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मुलीचे हात भरून आले. बाबांचा हात दगडासारखा स्थिर होता. अखेर शेपटीच्या कोपऱ्यातून तो पिटुकला हिरवा दात बाहेर आला.

बाबांनी तो उजेडात धरला आणि त्यांना हसू फुटलं. "आयुष्यभर दात बसवले," ते म्हणाले. "काढला नव्हता एकही. काढला तोही विमानाचा!" मग तिघंही हसत सुटली. आईला तर खाली बसावं लागलं.

हसून झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, चारच तास आहेत. विमान आधी करा. हेडमास्तरांना सांगू काहीतरी."

"विमान काय, कुठे उडून जाणार आहे? त्यांना उद्या बोलायचंय."

"पण प्रदर्शनही उद्याच आहे."

"भोकाचं सकाळी बघू. कापडाचा भाग आहे, ठिगळ लागतं. म्हणून तर हे विमान मला आवडतं. युद्धातही गोळी लागली की जमिनीवरची माणसं रातोरात ठिगळ लावायची आणि सकाळी पुन्हा वर. वैमानिकांची नावं राहिली. ठिगळवाल्यांची कोण ठेवतो!" हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. चीर भरायला पूड मोजता मोजता म्हणाले.

हेडमास्तर चारला एक मिनिट कमी असताना आले. तोंडावर रुमाल होता. आईनं त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, चहा दिला, मग आणखी चहा दिला, आणि आतल्या मोटारीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून इतक्या मोठ्यानं गप्पा मारल्या की शेजारीण काय झालं विचारायला आली. हेडमास्तर बोलू शकत नव्हते. नुसते मान हलवत होते. शाळेत असताना ज्यांच्यासमोर आईला बोलता येत नसे, त्यांच्याशी ती पाऊण तास एकटी बोलली.

तिसऱ्या चहाच्या वेळी मात्र ते उठले आणि तडक आत आले. बाबा शेवटची चमक देत होते. हेडमास्तरांची नजर विमानावर गेली, भोकावर थांबली. त्यांनी भुवया उंचावून बोट दाखवलं.

"लढाईत व्हायचंच असं," बाबा शांतपणे म्हणाले आणि कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली.

हेडमास्तरांनी पाठ फिरवून ती बसवली, आरशात पाहिलं, ओठ इकडे तिकडे केले. दात पांढरे होते, चीर कुठे दिसत नव्हती, आणि तिरका दात केसभर तिरकाच होता. "उत्तम," ते म्हणाले. दारात थांबून, बऱ्याच विचारानंतर, त्यांनी जोडलं, "भोक बुजवून घ्या. उद्या वेळेवर या."

संध्याकाळी मुलीनं प्रदर्शनाचा अर्ज भरायला घेतला. वस्तूचं नाव, माप, लागलेला काळ. मग 'कलाकाराचा व्यवसाय' असा रकाना आला आणि तिचं पेन थांबलं. शाळेत तिला 'कवळी' म्हणत. तेव्हापासून वडील काय करतात असं कुणी विचारलं की ती 'मेडिकल लाइनमध्ये आहेत' म्हणायची. कॉलेजात म्हणाली, नोकरीत म्हणाली, लग्न ठरताना सासरच्यांना म्हणाली. आताही तिनं 'वैद्यकीय क्षेत्र' असं लिहिलं आणि अर्ज सहीसाठी पुढे केला.

बाबांनी तो भिंगाखाली धरून पूर्ण वाचला. त्या रकान्यापाशी भिंग जरा जास्त थांबलं, असं तिला वाटलं.

"बरं दिसतंय," ते म्हणाले आणि सही केली.

ती निघाली तेव्हा ते ठिगळासाठी कापड कातरत होते. "उद्या येताना बारीक ब्रश आण," ते म्हणाले. "शून्य नंबर. माझ्याचे केस गेले, माझ्यासारखेच."

"आणते," ती म्हणाली आणि बस गाठायची म्हणून पळाली.

रविवारी सकाळी बाबा उठले नाहीत. आईनं चहा नेला, दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले. हेडमास्तरांनी ठरल्या वेळी उद्घाटन केलं आणि तिथून थेट घरी आले. त्या दिवशी त्यांना बोलता येत होतं, पण तासभर ते काही बोलले नाहीत.

प्रदर्शन पंधरा दिवसांचं होतं. तेराव्या दिवशी आई म्हणाली, "ते विमान तिकडे प्रदर्शनात घेऊन जा. माझ्याकडे बघत बसतं."

"भोक आहे त्याला, आई."

"असू दे. माणसं काय सदऱ्याला इस्त्री झाल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत?"

कातरलेलं ठिगळ टेबलावर तसंच होतं. मुलीनं ते चिमट्यात धरून पाहिलं, भोकावर ठेवून पाहिलं, आणि परत ठेवलं. तिला जमलं नसतं असं नाही. पण बाबांच्या हाताशेजारी तिचा हात दिसला असता. तिनं विमान मांडीवर घेऊन रिक्षानं नेलं. रिक्षावाला एरवी कसा हाकत असेल कोण जाणे. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून, मागे वळून बघून, मगच पुढे जात होता. उतरताना म्हणाला, "घरच्यांनी केलंय?" ती हो म्हणाली. "नशीबवान आहात," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी बक्षिसं होती. परीक्षक म्हणजे विमानदलातले एक निवृत्त इंजिनिअर, हातात टॉर्च घेतलेले. त्यांनी रणगाडे पाहिले, जहाजं पाहिली, काड्यापेट्यांचा किल्ला पाहिला, आणि हरिकेनपाशी आल्यावर पुढे सरकेनात. वाकून त्यांनी भोकातून उजेड आत सोडला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सुकाणूच्या तारा आहेत," ते कुणाला तरी म्हणाले. "प्रत्येक फासळीतून ओवल्यात. अहो, इकडे या! हे सगळं झाकलेलं असणार होतं. भोक पडलं नसतं तर मेलो तरी कळलं नसतं!"

माणसं जमली. हेडमास्तर बक्षीस द्यायला आलेले होते, तेही आले. टॉर्च या हातातून त्या हातात गेला. मुलगी बाजूला उभी होती. गेल्या पंधरा दिवसांत लोकांनी तिला पुष्कळ काही सांगितलं होतं. पण आपल्या बाबांच्या कामाकडे अनोळखी माणसं श्वास धरून बघतात हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"आणि ही खूण तर कमाल आहे," परीक्षक भोकावरून बोट फिरवत म्हणाले. "एरवी लोक सुईनं टोचून गोल गोल भोकं पाडतात. हे असं कमानीत, ओरबाडून आत गेलेलं... तोफगोळ्याची कपची असणार. अभ्यास केलाय माणसानं."

"का पक्षी आदळला असेल?" कुणीतरी म्हणालं.

"छे, कपचीच." परीक्षकांनी अर्ज उचलला. "वैद्यकीय क्षेत्र. तरीच! असा हात दुसऱ्या कुणाचा असणार? सर्जन होते का तुमचे वडील? पाटीवर 'डॉक्टर' घालायचं राहिलंय. आत्ता लिहून घेतो. पहिलं बक्षीस आहे, नाव नीट हवं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिच्याकडे पाहिलं.

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. हेडमास्तरही बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. या माणसालाही आतल्या खोलीचं ते रहस्य तिच्याइतकंच जपायचं होतं, हे तिच्या लक्षात आलं.

"ती कपची नाही," ती म्हणाली. "दात आहेत ते. वरचे, पुढचे चार."

हेडमास्तरांची जीभ मिटलेल्या ओठांआड वरच्या दातांवरून हळूच एकदा फिरलेली दिसली. तिरक्यापाशी ती थांबली.

"कुणाचे दात?" परीक्षकांनी विचारलं.

"ते आमच्याकडे सांगत नसतात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघत होते, आणि मग, तीन पिढ्यांत कुणी पाहिलं नसेल असं, ते मनापासून हसले. सगळे दात दिसले. फार सुंदर होते.

"पण विमानापाशी दात आले कुठून?" परीक्षक गोंधळून म्हणाले. पेन अजून हातातच होतं. "आणि मग पाटीवर लिहू काय? सर्जनच ना?"

"नाही," ती म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून ती थांबली, आणि पुन्हा, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा, म्हणाली, "माझे वडील कवळ्या करायचे."